भैरोबाकडे पाय

ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते आणि माझा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत इतका सुजला होता की पायजमा त्याच्यावरून खाली उतरेना. शेवटी आमच्या मंडळींनी कात्री आणली आणि पायजमा गुडघ्यापासून उसवून टाकला. मी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसलो होतो. समोरच्या उघड्या दारातून भैरोबाची टेकडी दिसत होती, तिच्यावरचं देऊळ दिसत होतं. त्या वेळी मनात जो विचार आला तो मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही. मी देवाला म्हणालो, बावीस वर्षं तुझ्या वाटेवर अंग टाकलं, त्याचं हेच फळ का? लगेच कान धरले, पण विचार येऊन गेला होता आणि तो त्यानंही ऐकला असणार.

अंग टाकलं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं गाव शिराळा तालुक्यातलं. चैत्रात भैरोबाची यात्रा असते. त्या दिवशी पहाटे नदीत बुडी मारायची आणि ओल्या अंगानं दंडवत घालत देवळापर्यंत जायचं. रस्त्यावर पालथं पडायचं, हात पुढे करून खूण करायची, उठून त्या खुणेवर उभं राहायचं आणि पुन्हा पडायचं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलो त्या वर्षी मी पहिलं दंडवत घातलं आणि नंतर एकही वर्ष चुकवलं नाही. गावातली तरणी पोरं मध्येच दमून बसायची, मी बसायचो नाही. त्याचा मला अभिमान होता. भक्तीपेक्षा थोडा जास्तच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोन वर्षांपासून उजवा खुबा दुखत होता. पुढे पुढे खाटेवरून उठतानाही तोंडातून आवाज निघायला लागला. जानेवारीत कराडला नेऊन मुलानं खुब्याचा सांधा बदलून घेतला आणि रजा संपली तसा तो शिरवळला आपल्या कंपनीत परत गेला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमरेत फार वाकायचं नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या. बर्फानं शेकायचं. दिवसातून चार-पाच वेळा आडवं पडून पाय उशांवर उंच ठेवायचा आणि सांगितलेले व्यायाम करायचे. "पहिले तीन महिने तुमच्या हातात आहेत," ते म्हणाले, "नीट वागलात तर चैत्रात देवळाच्या पायऱ्या चढाल. नाही वागलात तर सांधा आखडेल आणि उंबऱ्यापर्यंत जायलाही माणूस लागेल." दंडवताचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. दंडवत गेलं ते गेलंच, पण निदान आपल्या पायांनी वर जाऊन उभा राहीन, एवढी एकच गोष्ट मी धरून बसलो होतो.

आणि वागलो मात्र उलट. सोपा लांबट आणि अरुंद, वॉकर फिरवायचा तर खाट एकाच अंगानं मावायची. संडास-बाथरूम जवळ म्हणून दुसऱ्या खोलीत जाता येईना. आता खाटेवर पडून पाय उंच करायचा तर तो एक तर दाराकडे, म्हणजे थेट भैरोबाच्या टेकडीकडे, नाहीतर आतल्या भिंतीकडे, म्हणजे देव्हाऱ्याकडे. मी दोन्हीला नकार दिला. देवाकडे पाय करून झोपायचं नाही हे आईनं लहानपणी चापट मारून शिकवलेलं, ते कुठला डॉक्टर पुसणार? शिवाय माणसं भेटायला यायची. गावात कुणाचं ऑपरेशन झालं की सगळं गाव पाहून जातं. वडीलधारी माणसं समोर बसली असताना त्यांच्याकडे पाय लांबवून पडायचं हे मला जमेना. मग दिवसभर मी खुर्चीत ताठ बसायचो, पाय खाली सोडून, आणि आल्यागेल्याला ऑपरेशनचा तोच तो किस्सा सांगायचो. संध्याकाळपर्यंत पाय भोपळ्यासारखा व्हायचा.

बर्फाचंही तेच. गारठ्यानं वात वाढतो म्हणून मी विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून शेक घेत होतो. त्यावर कडी म्हणजे दुखण्याच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या. रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होतो, तिची भीती डॉक्टरांनी नीट घातली होती. पण दुखण्याची गोळी हातात आली की खिशात टाकायचो. भैरोबाला मनात बोललो होतो, दुखणं मी सोसतो, बरं तू कर. त्यामुळे व्यायामाला पाय उचलायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी व्यायाम टाळायचो आणि पाय लाकडासारखा ताठत चालला होता.

आठवड्यातून दोनदा इस्लामपूरहून फिजिओथेरपीच्या मॅडम स्कूटरवरून यायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी मला गाडीत घालून कराडला नेलं, रक्ताची गाठ तर नाही ना म्हणून पायाची तपासणी केली. गाठ नव्हती. पण डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "आणखी दोन आठवडे असेच गेले तर पुढे माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले.  आमच्या मंडळींचं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं, आणि जीभ तिखट. पण परतताना गाडीत त्या गप्प होत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा खुर्चीत बसलो. गोळी खिशात, पाय खाली. शेजारच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि तिथे आटपाडीकडच्या मेंढपाळांनी मेंढ्या बसवल्या होत्या. दरवर्षी येतात, लेंड्यांनी रान खतवतात आणि पुढे जातात. त्यांच्यातली एक म्हातारी दारात आली. सत्तरीची असेल, कपाळावर भंडारा, हातात एक जुना मोबाइल.

"आवं बाय, ह्याला जरा चारजिंगला लावाल का? रानात लाइट न्हाई."

"लावा की," मंडळी म्हणाल्या. "बसा मावशी, पाणी देते."

फोन भिंतीला लावून म्हातारी उंबऱ्याजवळ टेकली. पाणी प्यायली आणि माझ्या पायाकडे पाहत राहिली.

"दादा, पाय लय सुजलाय. आन खाली सोडून का बसलाय?"

मी काही बोलण्याआधीच आतून उत्तर आलं. "त्यास्नीच इचारा मावशी! डॉक्टर सांगून दमला, पाय उशीवर घ्या म्हणून. ह्यांचं आपलं एकच, पाय वर केला की भैरोबाकडं व्हतोय. उलटं फिरवा म्हटलं तर देव्हाऱ्याकडं व्हतोय. आता टांगून ठिऊ का काय आड्याला?"

मला वाटलं म्हातारी हसेल. ती हसली नाही. तिनं दारातून टेकडीकडे पाहिलं, वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि मंडळींना विचारलं, "लेकरं किती तुमास्नी?"

"एक ल्योक हाय."

"ल्हान असताना न्हाऊ कोण घालत व्हतं?"

"मीच की."

"पायावर घिऊन?"

"व्हय."

"मग तवा लेकराचं पाय कुठं असायचं?"

 मंडळींनी हात आपल्या पोटावर ठेवला. "हितं," त्या म्हणाल्या.

"हितंच. समद्यांचं तसंच. लेकरू उताणं पडलेलं, पाय आईच्या पोटाकडं. रडतंय, लाथा झाडतंय. ती काय म्हनती व्हय, माझ्याकडं पाय करू नगंस म्हणून?" मग ती माझ्याकडे वळली. "दादा, रागवू नगा. पर सुजलेला पाय घिऊन त्येच्याफुडं असं ताठ बसायला तुमी काय पावणं हाय का त्येचं?"

मी आयुष्यभर लोकांना हुकूम दिले. मला उलटून बोलणारी माणसं थोडी.  पण ती म्हणाली ते खरं होतं. बावीस वर्षं मी दंडवत घातलं, पण प्रत्येक खेपेला मनात मोजत होतो की कोण दमलं आणि मी दमलो नाही. आताही गोळी न घेता, पाय न उचलता मी देवाला माझा ताठा दाखवत होतो आणि त्याला नवस म्हणत होतो.

ती उठली, फोन काढून घेतला. दारातून जाताना एवढंच म्हणाली, "मेंढराचा पाय दुखावला तरी आमी त्येला दिसभर हुबं न्हाई ठेवत. जरा चालवायचं, जरा निजवायचं."

ती गेल्यावर मी मंडळींना म्हणालो, "मला खाटेवर घ्या." त्यांनी धरून घेतलं, पाठीवर निजवलं, पोटरीखाली दोन उशा घातल्या. माझा पाय बरोबर दाराच्या चौकटीत आला. अंगठ्याच्या वर देवळाचं शिखर दिसत होतं. लाजेनं मी डोळे मिटून घेतले. खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. मंडळींनी फ्रिजमधला बर्फ पिशवीत घालून, टॉवेलात गुंडाळून खुब्याला लावला. थोड्या वेळानं ठणका कमी कमी होत गेला आणि मला रडू आलं. दुखण्यानं नव्हे. इतक्या वर्षांत देवापुढे मी कधी उताणा, लाचार, काहीही न करता पडलोच नव्हतो. त्या दुपारी मी पडलो, आणि कुणीतरी मला अंगाखाली हात घालून धरलंय असं अगदी स्पष्ट वाटलं. मग मी झोपलो. ऑपरेशननंतरची ती पहिली गाढ झोप.

दुसऱ्या दिवसापासून मी फौजेची शिस्त खऱ्या कामाला लावली. काही पोटात घालून गोळी, अर्ध्या तासानं व्यायाम. घोटा वर-खाली, मांडी आवळून धरायची, टाच सरकवत गुडघा वाकवायचा. मग वीस मिनिटं बर्फ, पाय उंच. तासातासानं उठून सोप्यात चार फेऱ्या, पण एका दमात फार नाही. पाहुण्यांची पंचाईत कशी सुटली ते ऐका. शेजारचे वयस्क आबा आले तेव्हा मी आडवाच होतो. मी उठायची धडपड करणार तोच त्यांनी खुर्ची उचलली, माझ्या उशाकडे आणून ठेवली आणि गप्पा सुरू केल्या. एवढं सोपं होतं, आणि मी त्यासाठी तीन आठवडे पाय सुजवून घेतला होता.

सूज एका दिवसात गेली नाही. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून विहिरीपर्यंत चालून आलो, तर पाय पुन्हा भरला. मंडळींच्या तोंडचं जे ऐकायचं ते ऐकलं. पण आता घाबरलो नाही, पुन्हा उशा, पुन्हा बर्फ. ऑपरेशनला महिना झाला तशा मॅडम पाय वाकवून पाहायच्या आणि मान डोलवायच्या. वॉकर गेला, काठी आली.

काठी घेऊन मी पहिल्यांदा रानाच्या बांधापर्यंत गेलो तो त्या म्हातारीसाठी. मेंढ्या पुढच्या गावाला निघाल्या होत्या. ती घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती. मी हात जोडले आणि तिनं जे सांगितलं त्यानं माझा पाय वाचला, असं म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मी आलते व्हय तुमच्याकडं? फोन लावायला लय घरं फिरते, दादा. काय बोलले म्हणता?"

मी सगळं सांगितलं. लेकराचं, पायाचं, पाहुण्याचं. ती तोंडाला पदर लावून हसली.

"बरं बोलले की! पर मला कुठनं सुचलं असंल एवढं?" असं म्हणून तिनं दोरीची गाठ ओढली आणि चालू लागली.  कोण बोललं, याचा शोध मी घेतलेला नाही. मला ते माहीत आहे असं वाटतं, आणि तेवढं पुरे आहे.

चैत्रात यात्रा आली. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. टेकडीला साठेक पायऱ्या आहेत. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे चढताना डावा, चांगला पाय आधी, मग काठी आणि उजवा. एका हातानं कठडा धरून, चार ठिकाणी थांबून, मी माझ्या पायांनी वर गेलो. मंडळी एक पायरी मागे होत्या. मला धरायचं नाही असं बजावलं होतं, तरी त्यांचा हात सगळी वाट माझ्या पाठीशी होता. गाभाऱ्यापुढे उभा राहिलो. वाकता येत नव्हतं, हात जोडले.

गुरवानं एक प्लास्टिकची खुर्ची आणली, समोर एक पाट दोन विटांवर मांडला आणि म्हणाला, "सुबेदार, पाय वर घ्या. लोक काय म्हणत न्हाईत."

खाली रस्त्यावर पोरं ओल्या अंगानं दंडवत घालत येत होती. देवळात गाव जमलं होतं. मी खुर्चीत बसलो, मंडळींनी उजवा पाय हळूच उचलून पाटावर ठेवला, आणि सगळ्या गावासमोर माझा तळवा भैरोबाकडे झाला. या वर्षी मी देवाला काहीच दिलं नव्हतं. अंग टाकलं नव्हतं, नवस फेडला नव्हता. आजवर मी त्याला फक्त माझी ताकद दाखवत आलो होतो. दुखरा पाय त्याच्यापुढे त्या दिवशी पहिल्यांदा ठेवला, आणि तो त्यानं घेतला. मंडळींनी पदरानं माझे डोळे पुसले. आरती सुरू झाली आणि मी बसल्या बसल्याच टाळ्या वाजवायला लागलो.