उशिरा येणारी गाडी

आमच्या पंपांच्या कारखान्यात सुटे भाग ढकलगाडीवरून नेणारी माणसं कमी झाली आणि त्यांच्या जागी आपली आपण चालणाऱ्या यंत्रगाड्या आल्या. कोणत्या कामगाराच्या बाकावर आधी माल पाठवायचा, हा क्रम लावण्याचं काम ज्याच्याकडे आलं, त्याला सगळे स्टेशनमास्तर म्हणू लागले. तो काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसे. जाता-येता कोणीतरी डोकावून विचारीच, "मास्तर, आमच्या गाडीला सिग्नल कधी?"

सर्वांत टोकाच्या बाकावर त्याचा थोरला भाऊ पंपात रबरी कड्या बसवी. वडील अकाली गेले तेव्हा दादाने शाळा सोडून हा बाक धरला, धाकट्याला शिकवलं आणि पुढे इथेच चिकटवलं. दादाच्या हातचा पंप गळत नाही, असं कारखान्यात म्हणत. ते ऐकलं की दादा उगाच घसा खाकरी.

अलीकडे दादाचे हात थरथरू लागले. कप सांडू नये म्हणून वहिनी त्याला अर्धाच चहा देई आणि दूध कमी आलं, असं सांगे. दादा कुरकुरे, पण अर्धा कप थेंबही न सांडता पिऊन होई. मास्तरने हे घरात पाहिलं आणि कामावर तेच सुरू केलं.

बाकावर माल असूनही काम रेंगाळलं, तर तो वेळ कामगाराच्या नावे पडे. माल पोचलाच नसेल, तर गाड्यांच्या नावे. मास्तरने दादाचा बाक क्रमात सगळ्यांच्या मागे टाकला. भरलेली गाडी तो वळणावर थांबवून ठेवी आणि दादाच्या हातचं काम उरकलं, की मगच सोडी. आपण नेहमी माल संपवून वाट बघत असतो, याचं दादाला केवढं समाधान. जेवताना तो टोमणा मारी, की तुझ्या गाड्यांपेक्षा गोगलगाय बरी. मास्तर ताटात बघून हसे.

असं करता करता गाड्यांच्या नावे इतका उशीर साठला, की साहेबांनी मास्तरला काढून क्रम लावायचं काम संगणकावरच सोपवायचं ठरवलं. मास्तरने कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर दादाचा बाक गेला असता. त्याने गुपचूप खण आवरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं आणि तू राहा म्हणाले. टोकाचा बाक मात्र बंद झाला होता. दादाला घरी पाठवलं होतं.

संध्याकाळी दादा खिडकीपाशी बसलेला होता. हात मांडीवर, एकावर एक दाबून धरलेले.

"तुझी खुर्ची जाणार, असं फोरमन म्हणाला," तो म्हणाला. "मग मीच साहेबांना सांगून आलो. म्हटलं, माझे हात चालत नाहीत, मीच भावाला गाडी उशिरा सोडायला लावली."

मास्तरने चमकून वर पाहिलं.

"असा बघतोस काय? खोटं बोललो. तुला रस्त्यावर येऊ देणार होतो का? हात थरथरतात थोडे, नाही असं नाही. पण माझ्यामुळे कधी काम अडलं? तूच सांग."

वहिनी चहा घेऊन दारातच थबकली. तिने मास्तरकडे पाहिलं.

"कधीच नाही, दादा," मास्तर म्हणाला.

"झालं तर मग. आता तरी गाड्या वेळेवर सोडत जा. दर वेळी तुझं निस्तरायला मी असणार आहे का तिथे?"

मास्तरने मान हलवली. दादाने दोन्ही हातांनी कप उचलला आणि आत पाहिलं.

"दूध आजही कमीच?"

"हो," वहिनी म्हणाली.