एकदम येत नाहीत

ऑफिसात त्याला सगळे 'चाळणी' म्हणत. बावीस वर्षं चिप तपासण्यात गेलेली. लाखो चाचण्या चालवायच्या, सापडलेली चूक डिझाइनवाल्यांच्या पदरात टाकायची आणि वर त्यांच्याकडूनच चहा उकळायचा, हा त्याचा खाक्या. थोरल्या बहिणीच्या उशाशी औषधाचा पंप असतो, त्यातली चिपही त्यानेच पास केलेली. हे तो कुणी न विचारताही सांगे.

यंदा साहेबांनी नवं खूळ आणलं. नुसत्या चाचण्या पुरे झाल्या, आता गणिताने सिद्ध करा. शिकवायला आलेली मुलगी त्याच्या निम्म्या वयाची. त्याने नाक मुरडत का होईना, पण शिकून घेतलं. पंपाच्या नव्या चिपमध्ये जुनाच भाग वापरला होता. 'बटण दाबलं की पंप थांबलाच पाहिजे' हा नियम त्याने लिहिला आणि प्रोग्रामने चार मिनिटांत उत्तर दिलं: सिद्ध.

शुक्रवारी चिप कारखान्यात जायची होती, फक्त त्याची सही बाकी होती. सगळे खुशीत. त्याच्या मात्र जिवाला चैन पडेना. दोन दिवस खुर्चीत बूड टेकलं नाही. आपण महिनोन्महिने घासलो, ते चार मिनिटांत?

"सर, गृहीत काय धरलंय ते बघितलंत?" मुलीने विचारलं.

नियमाच्या तळाशी एक ओळ होती: बटण आणि पंपाचा अलार्म एकाच क्षणी येत नाहीत. अकरा वर्षांपूर्वीची, त्याचीच. असं कुठे होतं, म्हणून तेव्हा लिहिलेली आणि परवा डोळे मिटून उचललेली. जुन्या चाचण्यांनाही त्याने हेच बजावलं होतं, म्हणून दोन्ही एकदम आले तर काय, हे कधी तपासलंच गेलं नव्हतं.

त्याने ओळ खोडली. मिनिटभरात पडद्यावर नियम कसा मोडतो त्याच्या सात पायऱ्या उमटल्या. सातवीत बटण आणि अलार्म एकदम आले, बटण हरवलं, पंप चालूच राहिला.

त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, पंप थांबवताना बटण दोनदा दाबत जा."

"दोनदाच दाबते की! अलार्म वाजत असला की पहिल्यांदा कधीकधी ऐकत नाही तो."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू केलेला ना रे. तुला वाईट वाटलं असतं."

तो तडक साहेबांच्या खोलीत गेला. "शुक्रवार विसरा," तो म्हणाला. "आधी जुने पंप किती घरांत आहेत, ती यादी काढा."