सुमनताईंनी जिंकलेला खटला

सुमनताईंच्या घरून कुणी ‘जातो’ म्हणून उठला, की त्याची धडगत नसे. त्याला पुन्हा सोफ्यावर बसवत. “‘येतो’ म्हण, मगच ऊठ. ‘जातो’ काय मेल्या!” ब्रिस्टलजवळच्या लहानशा गावात आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलमध्ये होतो. ताई भूल देणाऱ्या डॉक्टर, मी मुलांची.

या ‘येतो’नेच घात केला. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे शाळेत घालण्याआधी सावळ्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घेत. नापास झालेल्यांना वेगळ्या लँग्वेज सेंटरला धाडत. गोऱ्यांना परीक्षा नाही. नुकताच आलेला एक फ्रेंच मुलगा, इंग्रजीचा गंध नसताना, सरळ वर्गात जाऊन बसला होता. ताईंची रेवा तर इथेच जन्मलेली. तिने सगळी उत्तरं दिली आणि निघताना परीक्षक बाईंना म्हणाली, “आय ॲम कमिंग!” बाईंनी शेरा मारला, मुलीला जाणं-येणं कळत नाही. झालं, रेवाची रवानगी सेंटरला.

ताई कोर्टात गेल्या. मी घाबरून म्हटलं, “ताई, जपून हं. कन्सल्टंटची पोस्ट यायचीय तुमची.”

“अगं, भूल देणारी मी, मला कोण भुलवणार? माझी मुलगी सगळ्यांच्या शाळेत जाणार, आणि फ्रंट डोअरने जाणार!”

सॉलिसिटरने सल्ला दिला, निकालापर्यंत घरात फक्त इंग्रजी बोला. रेवाच्या तोंडून एक मराठी शब्द निघाला तरी समोरचे तोच धरून बसतील. ताईंनी त्या दिवसापासून मराठी बंद केलं. “फिनिश युअर वरणभात, डार्लिंग,” हे ऐकून मला हसू यायचं. केस वर्षानुवर्षं रेंगाळली. आईची ‘मम’ झाली आणि मी मराठीत काही विचारलं, की रेवा नुसती बघत राहायची.

कोर्टात ताईंना तो शेरा वाचून दाखवला. ताई म्हणाल्या, “आमच्यात ‘जाते’ म्हणून कुणी बाहेर पडत नाही, युअर ऑनर. तिने भाषांतर केलं. त्याला दोन भाषा याव्या लागतात.” निकाल आमच्या बाजूने लागला. सेंटर बंद झालं.

त्या संध्याकाळी ताईंनी पुरणपोळी केली. रेवाला जवळ ओढून म्हणाल्या, “जिंकलो गं बाई आपण!” रेवा अंग चोरून म्हणाली, “मम, डोंट टॉक लाइक दॅट.” ताई हसल्या. ते हसणं मला बघवलं नाही. पुढे त्यांनी खूप खटपट केली, पण पोरीने मराठी परत तोंडात घेतलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताई कॅन्सरने गेल्या. शेवटी शेवटी त्यांचं इंग्रजी पार गेलं होतं. मी सुट्टीवर पुण्यात होते, जेमतेम फ्युनरलला पोचले. सगळे पांगल्यावर रेवा माझ्याजवळ येऊन बसली. कॉलेजात जाणारी, पण चेहरा रडून लहान पोरीसारखा झालेला.

“मावशी, मम केप्ट सेइंग, ‘माझं चुकलं.’ आय थॉट शी वॉज थर्स्टी. आय केप्ट गिव्हिंग हर वॉटर. व्हॉट डज इट मीन?”

मी अर्थ सांगितला.

“बट शी वन, मावशी,” रेवा म्हणाली. “शी वन.”