ब्युटिरिक म्हणजे लोणी

तो शब्द वर्गात मीच आणला, हे आधी कबूल करते.

साठ साल उलटून गेलं होतं. मी तळे गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. माझं माहेर काशीदजवळ, कोळ्याचं घर. पावसाळा सोडला तर अंगणात कायम सुकट वाळत असे. कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या ट्रंकेजवळून नाकाला पदर लावून जात. त्यामुळे कुणी कुणाच्या वासावरून बोललं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

दहावीच्या वर्गात डोंगरावरच्या गवळवाडीतून एक मुलगी येई. शाळेच्या आधी ती लोण्याचं मडकं डोक्यावरून आणून गावातल्या ठरलेल्या घरी पोचवी. मडक्याखालची कापडाची चुंबळ लोण्यानं मुरलेली. तीच दप्तरात कोंबून ती वर्गात बसे. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

त्या दिवशी आम्लं शिकवत होते. फॉर्मिकचं नाव मुंग्यांवरून, ॲसेटिकचं शिरक्यावरून म्हणजे व्हिनेगरवरून, असं सांगत सांगत मी ब्युटिरिकवर आले. "लोणी खवट झालं की जो वास येतो ना, तो ह्या आम्लाचा," मी म्हटलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तेवढ्यात घंटा झाली. मी खडू ठेवला आणि निघाले. नावाचा अर्थ सांगायचा राहूनच गेला.

मधल्या सुट्टीत आरोळी कानावर आली, "ए ब्युटिरिक!" चार दिवसांत तो शब्द शाळाभर झाला. आठव्या दिवशी तिची जागा रिकामी होती, नवव्याही दिवशी.

रविवारी मी डोंगर चढून वाडीवर गेले. तिची आई ताक घुसळत होती. मला पाहून उठली नाही.

"बाई, माज्या पोरीला तुमी काय नाव ठेवलंत?"

"मी ठेवलं नाही, मावशी. पण शब्द माझा आहे."

"शिवी हाय का ती?"

"नाही. लॅटिनमधला शब्द आहे. त्याचा अर्थ लोणी."

तिनं रवी थांबवली. "निस्तं लोनी?"

"नुसतं लोणी. गोऱ्या लोकांनाही खवट लोण्याचा वास आला, तेव्हा त्यांनी त्यावरूनच नाव दिलं. लाजले नाहीत."

मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. पुढे येऊन म्हणाली, "मंग वर्गात सांगितलं का न्हाय?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. आईसमोर, तिला. तिनं विचारलं, "तो वास आनकी कशात असतोय?" मी सांगितलं. तिनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

सोमवारी ती आली. चुंबळ दप्तरात होतीच. पुढच्या बाकावरच्या मुलानं नाक दाबलं, "आली ब्युटिरिक." ती उभी राहिली. माझी परवानगी तिनं मागितली नाही.

"ब्युटिरिक म्हंजे लोनी. तू तान्हा असताना दूध ओकायचास, तवा तुज्या अंगालाबी ह्योच वास यायचा. तुज्या आईनं नाक दाबलं व्हतं का?"

वर्ग हसला, पण ह्या वेळी तिला नाही. मुलानं लालबुंद होऊन मान खाली घातली.

तो गावातल्या एका वजनदार घरचा होता. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. पालकांची तक्रार आली होती.

"बाई, त्या मुलीला व्हरांड्यात बसवा. खिडकीतून ऐकू येतं सगळं."

"मग वर्ग व्हरांड्यात भरेल, सर."

"म्हणजे?"

"फळा बाहेर नेते. सगळे तिथेच बसतील."

त्यांना वाटलं मी नुसतं बोलतेय. मी शिपायाला हाक मारली, दोघांनी मिळून फळा उचलला. सहा दिवस दहावीचं विज्ञान व्हरांड्यात चाललं. ऊन तोंडावर येई, रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा बाजारकरी कठड्याला टेकून अख्खा तास ऐकत उभा राहिला. सातव्या दिवशी हेडमास्तर स्वतः आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या तो फळा आत." मुलीला कुठे बसवायचं ते बोलले नाहीत. ती तिच्या बाकावर बसली. तिच्याशेजारी त्या दिवशीही कुणी बसलं नाही, हेही खरं. दिवाळीनंतर एक मुलगी बसू लागली.

मला मात्र लेखी खुलासा मागितला गेला: वर्गात विद्यार्थिनीबद्दल अपशब्द वापरला, आणि वरिष्ठांचा अवमान केला. माफी मागा, विषय संपेल, असं हेडमास्तरांनी खासगीत सुचवलं. मी फुलस्केप कागद घेतला आणि लिहिलं: "ब्युटिरिक हा अपशब्द नाही. त्याचा अर्थ लोणी. तो अर्थ वेळेवर न सांगण्याची चूक माझ्याकडून झाली. ज्या मुलीला त्या चुकीचा त्रास झाला तिची मी माफी मागितली आहे. बाकी कोणाची मागण्याचं कारण दिसत नाही." खाली सही केली.

वर्ष संपताच माझी बदली झाली, थेट दिवेआगरच्या बाजूला. मी पेटी भरली. निघताना हेडमास्तर म्हणाले, "दोन ओळी लिहिल्या असत्यात तर राहिला असतात."

"लिहिल्या त्या पुरेशा होत्या, सर," मी म्हटलं.

मुलगी पुढच्या वर्षी मॅट्रिक झाली; तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. तिच्या वाडीत त्याआधी कुणी झालं नव्हतं. मला तिचं पोस्टकार्ड आलं. रसायनात चांगले मार्क पडले होते, गणितात जेमतेम. पुढे शिकणार का, ह्यावर घरात भांडण चालू आहे आणि मी मागे हटणार नाही, असं तिनं लिहिलं होतं. मी उलट टपाली कळवलं: हटू नकोस.