मामांचं डब्यातलं सूप

डब्यातल्या सुपाने बरा होत नाही असा आजार देवाने निर्माणच केलेला नाही, असं मानणारा माणूस भोर संस्थानात एकच होता; ते म्हणजे भोंगवलीचे माझे थोरले मामा. जर्मनच्या लढाईत ते पलटणीच्या मुदपाकखान्यात होते. तिथून ताठ मान आणि सुपाची चटक, एवढ्या दोनच गोष्टी घेऊन ते घरी आले, असं मामी म्हणत. पुण्याच्या कॅम्पातून ते डबे आणवीत, खिळा आणि हातोडी घेऊन फोडीत, चुलीवर उकळीत आणि त्यात शिळी भाकरी कुस्करीत. घोट घेताना डोळे मिटत. त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही. एकदा पाटील मध्येच बोलले, तर मामा डोळे न उघडता म्हणाले, "पाटील, औषिद चाललंय."

ताप आलेला असो, बाळंतीण असो की कुस्ती हरलेला पैलवान, मामांची वाटी हजर. पुढे लोक आपण होऊनच मागायला लागले. भोरच्या वाण्याने डबे ठेवले. आधी ते माळ्यावर धूळ खात होते, वर्षभरात तागडीशेजारी आले.

"माज्या हातची आमटी खाऊन कुनी मेलं का आजवर?" मामी विचारीत.

"मेलं न्हाई, पन ताठ तरी कोन झालं?"

मामांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सुट्टीत गेलो की नव्या डब्यावरचा कागद मी वाचून दाखवायचा. भूक वाढते, अंगात शक्ती येते, असं मी मराठीत सांगे. मनापासून सांगे, आणि मला वाटतं, थोड्या तोऱ्यातही.

एका संक्रांतीला मामांचे पाय सुजले. भोरच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मामांनी लोणचं सोडलं, भाकरीतलं मीठसुद्धा सोडलं. मग एक दिवस डबा माझ्यापुढे धरला.

"ह्ये चालंल का रं? खारट लागतंय जरा."

खारट होतं, हे मलाही माहीत होतं. मी ते कितीदा प्यालो होतो. पण कागदावर 'आजाऱ्यांसाठी उत्तम' असं छापलेलं होतं.

"चालेल, मामा. तसं छापलंय."

सूज मांड्यांपर्यंत चढली. डॉक्टरांना चुलीशेजारी रिकामे डबे दिसले. "हे प्यायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी दारातच उभा होतो.

"कुनी न्हाई," मामा म्हणाले. "माजीच जीब."

डॉक्टर गेल्यावर मामा मला म्हणाले, "परीक्षा हाय न्हवं तुजी? जा मंग पुन्याला."

मी गेलो. पत्र उशिरा मिळालं. पोचलो तेव्हा मामांना जाऊन दहा दिवस झाले होते. कोनाड्यात औषधाची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"दागदरनं मागनं धाडली हुती," मामी म्हणाल्या. "म्या लई इनवलं. ऐकलं न्हाई. म्हनायचे, भाचा येऊ दे, त्यो वाचून सांगंल, मंगच घेतो."

मी बाटली हातात घेतली.

"काय लिवलंय रं?"

"दिवसातून तीन वेळा. जेवणानंतर."

"येवढंच व्हय," मामी म्हणाल्या, आणि पाट मांडून मला वाढायला उठल्या.