दुसरी किल्ली

साहेबांनी ते लाल पुस्तक प्रत्येकाच्या हातात ठेवलं, तेव्हा किल्लेदारांनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं आणि मला हळूच विचारलं, "ताई, हे वाचून परत द्यायचंय का?"

पुस्तकाचं नाव होतं ‘विश्वास म्हणजे आळस’. धंदा कसा चालवावा, माणसं कशी हाकावीत, यावरचं. मागच्या बाजूला हाताची घडी घातलेला लेखक, जणू आपल्यालाच उशीर झाला म्हणून जाब विचारतोय. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. अकरा मेकॅनिक, एक स्टोअर आणि एक मी. मी फोन घेते, तक्रार लिहिते, माणूस पाठवते. सतरा वर्षं हेच करून माझी जीभ तिखट झाली आहे आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. साहेब नवे, वयाने माझ्या धाकट्या दिराहून लहान. पंधरा दिवसांत पुस्तक वाचून प्रत्येकाने अर्ध्या पानाचा अभिप्राय लिहायचा आणि शुक्रवारच्या बैठकीत उभं राहून तो वाचायचा, असा त्यांनी हुकूम काढला.

किल्लेदार हे आडनाव नव्हे, पोरांनी पाडलेलं नाव. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं किंवा टपावर चढायचं, तर आधी मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. आपण बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत लिफ्ट जागची हलत नाही. बाकीचे ती किल्ली खिशात टाकतात. हे मात्र काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात, आंघोळीलासुद्धा काढत नाहीत, असं त्यांची बायको सांगते. छप्पन्न वर्षांचा काटकुळा माणूस, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतः चढणार-उतरणार जिन्यानेच. घर दोन खोल्यांचं, बायको शाळेचे गणवेश शिवते, मुलगी लग्न होऊन गेली. आणि रोज सकाळी त्यांच्या पिशवीत डबे दोन.

दुसरा डबा भाऊंचा. भाऊ म्हणजे आमचे स्टोअरवाले. कधीकाळी हे दोघं जोडीने काम करायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्विच बिघडला, बंद केलेली लिफ्ट आपोआप सुरू झाली आणि खड्ड्यात असलेल्या भाऊंचा डावा पाय चेचला गेला. तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं, तेही मोडलं. तेव्हापासून भाऊ जाळीमागे बसून स्क्रू मोजतात, आणि दुपारी एक वाजला की दोघं दोन पालथ्या खोक्यांवर बसून जेवतात. त्यांच्यात भांडण झालेलं मी एकदाच पाहिलं, तेही मिठावरून. अशी मैत्री आम्हाला का नाही मिळाली, असं मी नवऱ्याला कितीदा तरी ऐकवलं आहे.

अभिप्राय यायला लागले. काय सांगू! एकाने लिहिलं, ‘पुस्तक उत्तम, कागदही जाड आहे.’ दोघांनी मागच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, त्यातली छपाईची चूकसुद्धा सारखी. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘घरी बायकोने आधी वाचलं, आता ती रोज माझा फोन तपासते.’ मी स्वतः लिहिलं, ‘अत्यंत प्रेरणादायी.’ चक्क खोटं लिहिलं. पगार कोणाला नको असतो?

इथवर गंमत होती. मग साहेब चौथ्या प्रकरणाला पोचले. कोणीही थांबवलेलं काम साहेबाला केव्हाही सुरू करता आलं पाहिजे, असं त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी फतवा निघाला: प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली कंपनीत जमा करायची. नाही दिली तर शनिवारपासून येऊ नका. भाऊंनी प्रत्येक किल्लीला नावाची चिठ्ठी बांधून ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. बुधवारपर्यंत दहा किल्ल्या आल्या. अकरावी आली नाही.

गुरुवारी साहेब एका किल्लीसह बाहेर पडले. एका मोठ्या इमारतीत लिफ्ट तासभर बंद होती आणि मालक फोनवर फोन करत होता. साहेबांनी वर जाऊन आमच्या माणसाचं कुलूप उघडलं, स्विच चालू केला आणि चार मिनिटांत लिफ्ट सुरू! मेकॅनिक त्या वेळी सुटा भाग आणायला रस्त्यापलीकडे गेला होता, म्हणून वाचला. परत आल्यावर तो स्टोअरच्या पायरीवर बसला आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. साहेब मात्र खुशीत होते. "बघा, चौथं प्रकरण!" म्हणाले.

त्याच दुपारी किल्लेदार माझ्या टेबलाशी आले. त्यांचं अक्षर वाईट, म्हणून अभिप्राय टाइप करून हवा होता. मी चार ओळी वाचल्या. उठून दार लावलं.

"हे खरंय?"

"हो."

"घरी माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग कशाला उकरताय? मी लिहून देते ना दुसरं काहीतरी. छान, गुळमुळीत. भाऊंच्या समोर वाचणार हे तुम्ही? तुम्हाला त्यांच्याशिवाय आहे कोण?"

त्यांनी गळ्यातला दोरा बोटाला गुंडाळला. "ताई, तो पोरगा आज रस्त्यापलीकडे होता. उद्या खाली असेल."

"साहेबांना एकटं गाठून सांगा."

"धोका आहे एवढं सांगून आलो. म्हणाले, तुमच्या वेळचे स्विच जुने होते."

मी टाइप केलं. तीनदा चुकलं. रात्रभर मला झोप नाही, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही की सकाळी मी देवाला नव्हे, ट्रॅफिकला साकडं घातलं, की आज साहेब पोचूच नयेत.

साहेब वेळेवर पोचले. स्टोअरच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊंना पुस्तक मिळालं नव्हतं, स्टोअरवाल्याला नेतृत्वाचं काय, म्हणून. पण किल्ल्यांचा डबा त्यांच्या ताब्यात, त्यामुळे तो मांडीवर घेऊन ते कोपऱ्यात बसले होते. एकेक जण उठून वाचत होता. जाड कागदवाल्याला टाळ्या पडल्या. कालचा तो मेकॅनिक उठला आणि ‘साहेबांच्या निर्णयक्षमतेला सलाम’ असं खाली मान घालून वाचून गेला. त्याचा राग आला मला, आणि लगेच माझं ‘अत्यंत प्रेरणादायी’ आठवलं.

"अकरावे," साहेब म्हणाले. "किल्ली आणलीत?"

"आधी अभिप्राय," किल्लेदार म्हणाले.

ते उभे राहिले. कागद हातात होता, पण त्यांनी त्याकडे पाहिलं नाही.

"पुस्तक पूर्ण वाचलं. चौथं प्रकरण मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी करून पाहिलंय. सहा मजली इमारत होती. भाऊ खाली खड्ड्यात होता. कुलूप त्याचं होतं. दुसरी किल्ली माझ्याजवळ होती, त्यानेच ठेवायला दिली होती. मालक वर येऊन माझ्या अंगावर ओरडत होता. मी खाली हाक मारली. उत्तर आलं असं वाटलं. आलं नव्हतं. मी कुलूप काढलं आणि स्विच चालू केला. तो बिघडला नव्हता. बिघडला होता, असं चौकशीत मी सांगितलं. त्यानंतर नवं कुलूप घेतलं, त्याची दुसरी किल्ली कानशीने घासून टाकली. त्यामुळे जमा करायला माझ्याजवळ काही नाही. एवढाच अभिप्राय आहे."

ते बसले नाहीत. मला भाऊंकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलंच. ते आपल्या डाव्या बुटाकडे बघत होते, तो बूट आत्ताच कोणीतरी आणून त्यांना घातला असावा तसे.

साहेब खाकरले. "हे पाहा, हा वैयक्तिक विषय..."

भाऊ उठले. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. डबा छातीशी धरून, खुर्च्यांचा आधार घेत, ते पहिल्या रांगेपासून निघाले. चिठ्ठी वाचायची, नाव घ्यायचं, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवायची. कालच्या मेकॅनिकची मूठ त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवली.

"कोणाच्या परवानगीने चाललंय हे?" साहेबांचा आवाज चढला.

"माझ्या पायाच्या," भाऊ म्हणाले, आणि पुढचं नाव वाचलं.

दहाही किल्ल्या खिशात गेल्या. कोणी परत द्यायला उठलं नाही, आणि अकराच्या अकरा माणसांना शनिवारपासून येऊ नका म्हणणं साहेबांच्या पुस्तकातही नसावं. ते फाइल घेऊन निघून गेले. भाऊ रिकामा डबा घेऊन किल्लेदारांच्या समोरून गेले. थांबले नाहीत, पाहिलं नाही. स्टोअरचं जाळीचं दार आतून लागलं.

फतवा पुन्हा निघाला नाही. साहेब सध्या दुसरं कसलंतरी पुस्तक वाचतायत. किल्लेदारांची नोकरी राहिली, पण एक वाजता ते जिन्यात बसून एकटे जेवू लागले. बायकोला त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, पण डबे दोनच भरत राहिली. दुसरा डबा ते रोज सकाळी स्टोअरच्या काउंटरवर ठेवायचे. भाऊ तो एका बोटाने परत सरकवायचे आणि मागितलेला भाग पुढे टाकायचे. शब्द नाही. संध्याकाळी डबा भरलेलाच घरी जायचा. चार महिने हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं, आणि दोघांच्याही डोक्यात काहीतरी घालावंसं मला कितीदा वाटलं. त्यांना माफ करा असं भाऊंना सांगायची माझी मात्र हिंमत झाली नाही. पाय माझा नव्हता.

काल एका इमारतीतून फोन आला, खड्ड्यात पाणी शिरलं होतं. मी किल्लेदारांना पाठवलं. पंपाचा पाइप घ्यायला ते काउंटरशी गेले, डबा ठेवला. भाऊंनी पाइप दिला. किल्लेदार वळले, दारापर्यंत गेले.

"खड्ड्यात उतरणारेस?" मागून आवाज आला.

किल्लेदार जागीच थांबले. "हो."

"कुलूप घेतलंस?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, काळा दोरा बाहेर ओढला आणि किल्ली उंच धरून दाखवली. भाऊंनी ती नीट पाहून घेतली, मान हलवली आणि आत वळले. किल्लेदार जिन्याने खाली गेले. डब्याचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. तो काउंटरवरच होता.