सोनीची शाळा

आष्टीच्या बाजारात बानं मेंढरं विकली, त्या दिवशी काका रस्त्यात आडवे उभे राहिले. "एका मुक्या पोरीपायी कळप इकलास? येडा झालास का बे?"

बानं पैसे कनवटीला लावले. माय बोलली, "साळंत पोरी लई कालवा करत्यात म्हणं. त्यांच्यात बसली की हिची बी जीभ सुटंल."

मग तट्टावर बोचकी लादली, वर सोनीला बसवलं आणि आम्ही गाव सोडलं. सोनी माझी धाकटी बहीण. पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. वाटेत कपिलधारला मायनं नवस बोलून तिला धबधब्याच्या धारेखाली धरलं. ती खदखदून हसली, एवढंच.

अंबाजोगाईत, म्हणजे सरकारदरबारी तेव्हाच्या मोमिनाबादेत, बाला रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोड्यांसाठी गवत कापायचं काम मिळालं. तिथं सरकारी जनानी शाळेत बारक्या पोरींचा वर्ग होता, फी माफ. त्याच्यासाठीच तर आलो होतो. नाव घालायला माय ठेवणीतलं लुगडं नेसून गेली.

"बच्ची का नाम?" शिकवणाऱ्या उस्तानीबाईंनी विचारलं.

"सोनी. बोलत न्हाई अजून. तुमी शिकवा."

"सीख जाएगी," बाई हसून म्हणाल्या. पण सोनी मायचा पदर सोडेना. तेव्हा बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या मला आत बोलावलं आणि तिच्याजवळ बसवलं. माझं नाव घालायचं कुणाच्या मनातही नव्हतं. सोनीला सोबत म्हणून बाईंनी तेही घातलं आणि मी शाळेत गेले.

सोनीला शाळा आवडली. पोरी पाढे म्हणायच्या, ती त्यांच्या तोंडाकडे बघून ओठ हलवायची. संध्याकाळी माय तिला पुढ्यात घेऊन बसायची. "माय म्हण. म्हण की गं, माय." सोनी ओठ मिटायची, उघडायची. आवाज यायचा नाही.

एक दिवस बाईंनी मायला बोलावून घेतलं. सोनी पाटीवर रेघोट्या ओढत होती. बाईंनी तिच्या पाठीमागं जाऊन शाळेची घंटा जोरात वाजवली. साऱ्या पोरी दचकल्या. सोनी रेघोट्या ओढतच राहिली.

"इसको सुनाई नईं देता, अम्मा," बाई हळूच म्हणाल्या.

मायनं सोनीला जवळ ओढलं. "धारंचा एवढा आवाज, तरी पोर दचकली न्हाई. मला कावून कळलं न्हाई गं?" ती मलाच विचारत होती.

तरीही ती सोनीला शाळेत पाठवत राहिली, आणि बाईंनीही कधी नाही म्हटलं नाही. पुढं तपासनीस आले. सोनीला काही विचारून पाहिलं आणि नाव काढायला लावलं. माझं राहिलं. अशा पोरींची शाळा कुठं असते, असं बानं बाईंना विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

बा तापानं गेला तेव्हा माय सोनीला घेऊन आष्टीला परत निघाली. मला बाईंनी आपल्या घरी ठेवून घेतलं. "तू शीक. दोघींत एक तरी," माय म्हणाली. मी मागं राहणार, हे सोनीला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तट्टू वळणाआड जाईपर्यंत ती मला हातानं बोलावत होती.

आता मी हैदराबादेत लहान मुलींना शिकवते. दिवसभर तोंडात उर्दू असते. चुलीपुढं एकटी असले की आपल्या बोलीतलं 'हाय', 'न्हाई' येतं, पण ऐकायला कुणी नसतं. माय केव्हाच गेली. सोनी काकांच्या घरी कोकरं सांभाळते. मागं मी गावी आले तेव्हा तिनं धावत येऊन मला मिठी मारली होती. यंदा आले, तर काकूच्या आड जाऊन उभी राहिली.

काकांच्या लेकरांनो, म्हणून हे तुम्हांला लिहिते. तिला वाचता येत नाही, आणि तुम्ही वाचून दाखवलंत तरी ऐकू जायचं नाही. इथं कुणी गाव विचारलं की मी अजून आष्टीच सांगते. तिथं माझ्या घरचं एकच माणूस उरलंय, आणि मी शिकलेलं एकही अक्षर तिच्यापर्यंत पोचत नाही.